बाराशे त्रेपन्नाचं कुलूप

१

कुलूप जागच्या जागी होतं, बंदही होतं, आणि आतला ताम्रपट मात्र गेला होता.

भिवंडीजवळच्या वळ गावच्या देवळात पहाटे आरतीची तयारी करायला आलेल्या मिसिरजींनी ते पाहिलं आणि घंटा वाजवायच्या ऐवजी बोंब ठोकली. गाव जमा झालं. गाभाऱ्याशेजारी भिंतीला टेकलेलं काचेचं कपाट होतं. त्याच्या दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू कुणीतरी काढले होते आणि दार उलट्या बाजूनं ओढून उघडलं होतं. कडीला चार आकड्यांचं नंबरी कुलूप तसंच लोंबत होतं, आणि त्याच्या चकत्यांवर आकडा होता १२५३.

या ताम्रपटाशिवाय, गावाच्या तोंडी पाटाशिवाय, वळचं काय अडणार होतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आठशे वर्षांपूर्वी कुणा राजानं इथलं तळं आणि त्याचा काठ गावच्या गुरांना देऊन टाकला आणि तसं तांब्यावर कोरून दिलं. शके १११९, पिंगल संवत्सर. दर मार्गशीर्षात, चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, म्हणजे दान दिलं त्याच तिथीला, पाटाची पूजा होते आणि सगळं गाव एका पंगतीला बसतं. आता गुरं थोडी उरली आणि गोदामं फार झाली. तळं बुजवून तिथून ट्रकचा रस्ता काढावा असं म्हणणारे गावातच निघाले. म्हणून मग कुणीतरी सरकारदरबारी अर्ज केला, आणि उद्या सोमवारी पुरातत्त्व खात्याचा साहेब पाट डोळ्यांनी बघायला यायचा होता. पाट खरा ठरला असता तर तळ्याला कुणी फावडंही लावू शकलं नसतं. साहेबाला दाखवायला पाटच नसेल, तर तो चहा पिऊन परत जाणार होता.

"नंबर लावून बघितलान, लागला न्हाय, मग पेचकस घातलान," देवस्थान कमिटीचे अध्यक्ष बाळाराम पाटील कपाटापुढं उभे राहून म्हणाले. "नंबर म्हंजे पाटाचं साल, ये तर सगल्यांना म्हाईत. पण आपला शक ये न्हाय. विंग्रजी सालबी न्हाय. बाराशे त्रेपन ये गुजराती साल हाय, हिंदी सालाच्या एकनं मागं."

गावात गुजराती पंचांग वापरणारा माणूस एकच होता. सुताचे व्यापारी नेमजीभाई. त्यांचं गोदाम तळ्याला लागूनच होतं. सगळ्या माना एकदम त्यांच्याकडं वळल्या आणि नेमजीभाईंच्या हातातलं फुलांचं पुडकं खाली पडलं. रात्री आरतीनंतर गावानं बसायचं आणि नेमजीला गावातून काढायचं की पोलिसात द्यायचं ते ठरवायचं, असं तिथंच ठरून गेलं.

त्या गडबडीत बाळारामची बायको हौसा मागच्या मागं घरी गेली आणि तिनं फोन उचलला.

"वन्सं, तुमी या. पोलीस न्हाय, कोन न्हाय. तुमीच या."

२

गोदू म्हणजे बाळारामची थोरली बहीण. टेमघरला तिची कॅलेंडरांची प्रेस होती. नवऱ्यामागं तिनं ती एकटीनं चालवली आणि चालवताना एका जागी पाच मिनिटं बसली असं कुणी पाहिलं नाही. बसलं की तिचे पाय हलायला लागत, पाय थांबले की बोटं. भिवंडीत माणसं तितकी सालं. तिच्या छपाईयंत्रातून एकाच वर्षाची मराठी कॅलेंडरं निघत ती शके १९२८ ची, भय्या लोकांची निघत ती संवत २०६३ ची, गुजराती, उर्दू आणि तेलुगू वेगळी. नावांचाही तोच गोंधळ. मराठी पंचांगात या वर्षाचं नाव व्यय, तर मिसिरजींच्या पंचांगात विकारी. "एकाच पोराला पाच घरांत पाच नावं," असं ती म्हणे, आणि दिवाळीच्या तोंडावर या पाचही घरांची कामं एकदम अंगावर आली की त्या पोराला शिव्याही घाली.

आताही दिवाळी तोंडावर होती. तरी ती कामगारांच्या हवाली प्रेस सोडून रिक्षानं वळला आली, कारण हौसाच्या आवाजात काहीतरी होतं जे तिला आवडलं नव्हतं. शिवाय नेमजीभाई. तिचा नवरा गेला त्या वर्षी गावभरच्या लोकांनी कॅलेंडरांचे ॲडव्हान्स परत मागितले होते. नेमजीभाईंनी मात्र दुप्पट ऑर्डर दिली होती. हा माणूस चोर असेल हे तिला पटत नव्हतं, आणि नसेल तर रात्रीच्या आत ते दाखवून द्यायला हवं होतं.

तिनं कपाट पाहिलं. स्क्रू नीट काढून खाली एका रांगेत ठेवले होते. काचेला ओरखडा नाही.

"मिसिरजी, कुलपाचा खरा नंबर काय होता?"

मिसिरजी जौनपूरचे. वीस वर्षांत त्यांची मराठी अर्धी झाली होती आणि हिंदीही अर्धी राहिली होती. त्यांनी आजूबाजूला बघितलं. "बहनजी, कुणाला बोलू नका. नंबर हमने रखा था. अपना संवत. शकात एकशे पैंतीस मिळवले की झालं. बारह सौ चौवन."

"बाराशे चोपन्न? आणि कुलपावर त्रेपन्न?"

"तेच तर! एका आकड्यानं चुकला चोर. भगवान ने बचाया नहीं, बस सताया."

"हा नंबर आणखी कुणाला माहीत होता?"

"हमको, और अध्यक्षजी को. चाबी समझो, दो ही थी."

गोदूची बोटं साडीच्या पदराशी चाळा करायला लागली. "तुम्ही तर गुजराती लोकांकडंही पूजा सांगता ना?"

"भिवंडीत आधे सेठ हमारे यजमान हैं. दिवाली को चोपडा-पूजन, यानी हिसाब की बही की पूजा, फिर बेसते वर्ष का, नए साल का संकल्प. एक दिन में बारा दुकानं. गला बैठ जाता है." मिसिरजी हसले आणि हसताना त्यांचा चेहरा एकदम उतरला. "बहनजी, नंबर मला माहीत होता. आता सगळे माझ्यावर तर नाही येणार?"

तिच्याही मनात नेमकं तेच आलं होतं. नंबर माहीत असलेला माणूस मुद्दाम एक आकडा चुकीचा ठेवून स्क्रू काढू शकतो.

३

प्रितेश भोईर तळ्याच्या काठावर जेसीबीच्या सावलीत सापडला. तळं बुजवायचं कंत्राट त्याच्याच खिशात होतं, फक्त परवानगीची वाट होती. गोदूनं त्याला लहानपणी कडेवर घेतला होता, त्यामुळं तो तिच्याशी उर्मटपणा करायचा प्रयत्न करत होता पण त्याला तो नीट जमत नव्हता.

"आत्या, तू पण माझ्यावरच डाऊट घे. सकाळपासून सगळे माझा पेचकस बघून राहिलेत. जेसीबीवाल्याकडं पेचकस नसणार तर काय बासरी असणार?"

"काल रात्री कुठं होतास?"

"काल्हेरला. मामाच्या बिल्डिंगचा स्लॅब होता. चाळीस माणसं साक्षीला हायेत."

"पाटाचं साल काय रे?"

"अकराशे सत्त्याण्णव."

"ते इंग्रजी. गुजराती किती?"

प्रितेशनं खांदे उडवले. "मला शके-बिके काय कळत नाय. आमच्या शाळेत गॅदरिंगची तारीख पण इंग्रजीत असायची. गुजराती साल मागं असतं म्हणून सकाळी बाळारामकाका बोलले, तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. ते तुझ्या प्रेसमध्ये होते ना, त्यांना असणार माहीत."

खरंच होतं ते. ऐन तारुण्यात बाळाराम तिच्याकडं प्रेसवर कामाला येई. गोदूला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट भावाला अजून ते आठवतं याचं तिला बरंच वाटलं.

"पाट गेला तर तुझं फावलं," ती म्हणाली.

"माझं फावलं, नेमजीचं फावलं, ज्याचं ज्याचं शेत रस्त्याला लागतंय त्याचं सगळ्यांचं फावलं. आत्या, मोजायला बसलीस तर अर्धा गाव आत जाईल." तो उठून उभा राहिला. "पण एक बोलू? नेमजी असला काम करणार नाय. त्याला पाहिजे असतं तर त्यानं ते कपाटच कशाला दिलं असतं?"

कपाट नेमजीभाईंनी दिलं होतं हे गोदू विसरलीच होती.

४

नेमजीभाई गोदामात होते आणि सामान बांधत होते.

सुताच्या पेट्या एका बाजूला, घरचं सामान दुसऱ्या बाजूला. मुलगा टेम्पो आणायला गेला होता. गोदूनं स्टूल ओढलं, बसली, लगेच उठली.

"रात्रीच्या आधीच निघालात? मग लोक म्हणतील चोर पळाला."

"गोदूबेन, थांबला तरी बोलतील, गेला तरी बोलतील." नेमजीभाईंची मराठी तीस वर्षं वळच्या मातीत मुरलेली होती, फक्त क्रियापदं अजून कच्छची होती. "पंगतीत मी वाढायला उभा राहतो दर साली. ज्यांच्या पानात मी भात वाढला त्यांनीच आज सकाळी माझ्याकडं असं पाहिला. मला पोलीसचा भीती नाही. मला त्या नजरेचा भीती आहे."

"तुम्ही कुलपाला हात लावलात?"

"कशाला लावू? ते कपाट मी दिला. मला पाट बघायचा असेल तर पंडितजी दार उघडून देतात."

भिंतीशी गोणपाटात गुंडाळलेली एक लांबट फळी उभी होती, सुतळीनं करकचून बांधलेली. गोदूनं नुसती तिकडं मान वळवली.

"ते संगमरवर आहे," नेमजीभाई म्हणाले. "गणपतीच्या आधी करून घेतला. कपाटाच्या खाली लावायचा होता, पूजेच्या दिवशी. पाटाचा तिथी-मिती आमच्या भाषेत कोरला. आता कुठं लावू, माझ्या डोक्यावर?" त्यांचा आवाज फाटला आणि ते पाठ करून उभे राहिले. रडताहेत हे दिसत होतं, म्हणून गोदू बाहेर आली.

बाहेर उन्हात उभी राहून ती अस्वस्थ झाली. रात्र व्हायला फार अवकाश नव्हता. तिच्याकडं दाखवायला काही नव्हतं. प्रितेश काल्हेरला होता. मिसिरजींना नंबर माहीत होता पण पाट विकून किंवा तळं बुजवून त्यांना मिळणार काय होतं? देवळाशिवाय त्यांचं या गावात होतं तरी काय? आणि आकडा तर नेमजीभाईंकडंच बोट दाखवत होता. गुजराती साल हिंदी सालापेक्षा एकनं मागं. चोपन्नातून एक गेला, त्रेपन्न. तिनं स्वतःच हा हिशेब शंभरदा केला होता.

तेवढ्यात प्रेसवरून कामगाराचा फोन आला. गुजराती कॅलेंडरचं प्रूफ अडलं होतं आणि तिच्या सहीशिवाय छपाई सुरू होणार नव्हती. शिव्या घालत ती रिक्षात बसली.

५

प्रूफ होतं ऑक्टोबरच्या पानाचं.

गोदू उभ्याउभ्याच वाचत होती, डोकं वळला ठेवून. वर डाव्या कोपऱ्यात संवत २०६२. खाली दिवाळी, लक्ष्मीपूजन, मग बेसतुं वर्ष. आणि तिथून उजव्या कोपऱ्यात संवत २०६३. कामगार विचारत होता की एकाच पानावर दोन सालं बरोबर आहेत ना, की एक खोडायचं.

"बरोबर आहेत," ती सवयीनं म्हणाली. "दिवाळीला त्यांचं साल बदलतं. तोपर्यंत एकनं मागं असतात, दिवाळीनंतर हिंदी कॅलेंडरच्या बरोबर येतात. पुढं चैत्र लागेपर्यंत दोघांचं साल एकच."

आणि तिचा हात थांबला.

तिनं भिंतीवरचं कॅलेंडर ओढलं, डिसेंबरपर्यंत पानं उलटली, पुन्हा मागं आली. कामगाराला वाटलं बाईंना चक्कर आली, कारण ती चक्क खुर्चीवर बसली होती आणि तिचे पाय हलत नव्हते.

पाटाची तिथी मार्गशीर्षातली. चंपाषष्ठीच्या आदला दिवस. मार्गशीर्ष येतो दिवाळीनंतर.

तिनं नेमजीभाईंना फोन लावला. "ते गोणपाट सोडा. आत्ता. आणि दगडावर काय कोरलंय ते वाचा."

बराच वेळ सुतळीशी झटापट ऐकू आली. मग नेमजीभाईंचा थकलेला आवाज. "मागसर सुद पाचम, संवत बारसो चोपन."

"चोपन्न? त्रेपन्न नाही ना?"

"त्रेपन कसा असेल, गोदूबेन? मागसर मध्ये तर नवीन साल लागून जातो. दिवाळीला नवा चोपडा करणारा माणूस मागसरमध्ये जुना साल लिहील?"

तिनं फोन ठेवला. आता तिला चोर कळला होता, आणि कळला नसता तर बरं झालं असतं असं तिला फार वाटलं. इतकं, की परतीच्या रिक्षात ती तोंडाला पदर लावून बसली आणि रिक्षावाल्यानं आरसा दुसरीकडं वळवला.

६

बाळाराम पडवीत विळ्यांना धार लावत होता. भातकापणी जवळ आली होती. बहिणीला बघून तो हसला, उठला, पाणी आणायला निघाला, परत आला, पुन्हा विळा हातात घेतला. दोघं भावंडं चुळबुळीच्या बाबतीत एकाच आईची होती.

"बस, बाळा," गोदू म्हणाली आणि स्वतः आधी बसली.

"काय कललं काय, बाय?"

"कळलं. कुलपावरचं साल कुणाचंच नाही."

"म्हंजे? गुजराती हाय ना ये?"

"तेच सांगते. मराठी माणसानं लावलं असतं तर अकराशे एकोणीस. प्रितेशनं लावलं असतं तर अकराशे सत्त्याण्णव. आपल्या प्रेसमधल्या उर्दू कॅलेंडरवाल्यानं लावलं असतं तर पुढं शून्य लावून पाचशे चौऱ्याण्णव. मिसिरजींचं बाराशे चोपन्न. आणि पाट मार्गशीर्षातला, म्हणून नेमजीभाईंचंही बाराशे चोपन्नच. त्यांनी गणपतीच्या आधीच ते दगडावर कोरून ठेवलंय. जगातल्या कुठल्याही माणसाला त्या दिवसाचं साल बाराशे त्रेपन्न नव्हतं."

बाळारामनं विळा दगडावर घासला. "मंग चुकला आसंल तो."

"तो चुकला नाही. नेमजीभाईंनी खरंच आपलं साल लावलं असतं तर कुलूप त्यांच्या हातात उघडलं असतं, बाळा. स्क्रू काढायची गरजच नव्हती."

घासण्याचा आवाज थांबला.

"हा आकडा कुणीतरी घरी बनवला," ती पुढं म्हणाली. "त्याला कुलपाचा खरा नंबर माहीत होता. त्यातून त्यानं एक वजा केला, कारण गुजराती साल एकनं मागं असतं एवढंच त्याला ठाऊक होतं. नंबर दोघांना माहीत. मिसिरजी दर दिवाळीला शेटजींच्या दुकानात नव्या सालाचा संकल्प सोडतात, तिथून पुढं दोन्ही सालं एक होतात हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील. राहिला दुसरा. तो माझ्या प्रेसवर भादव्यात यायचा आणि दिवाळीच्या आधी भातकापणीला गावी पळायचा. दर वर्षी. त्यानं गुजराती साल मागं असलेलंच पाहिलं. बरोबर आलेलं कधी पाहिलंच नाही."

बाळाराम उठला. "मना खल्यावर जायचंय."

"खाली बस!" गोदू ओरडली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "आयुष्यभर अर्धं ऐकून उठलास. आज पुरतं ऐकून जा."

तो बसला. अंगणात कोंबड्या भांडत होत्या.

"विकायचा न्हवता मना तो," शेवटी तो म्हणाला. "मोडायचाबी न्हवता. सायेब येऊन गेला की परत ठेवनार व्हतो. रस्ता झाला की आपलं वरचं शेत रोडला लागतंय, बाय. पोरांचे दुकानाचे गाले निघतील. आनि काय."

"आणि नेमजी?"

"त्याला काय. त्याचा धंदा कुटंबी चालंल. तो काय हितला हाय?"

गोदूला वाटलं उठून याच्या एक कानफटात द्यावी. हाच तो, ज्याला शेंबूड पुसून तिनं शाळेत नेलं होतं. "तीस वर्षं तुझ्या पानात भात वाढतोय तो," ती म्हणाली. "तुझा मुलगा कामोठ्याच्या दवाखान्यात होता तेव्हा गाडी कुणाची होती?"

बाळारामनं तोंड हातांनी झाकलं.

आतल्या दारात हौसा उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. तिच्या हातात नव्या खणात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं, आणि त्याला भाताचा तूस चिकटला होता.

"कनगीत व्हता," ती म्हणाली. "त्यावर शाप लिवलाय ना, जो हात लावील त्याचा वंस बुडंल म्हनून. यांना रातभर झोप न्हाय. उठतात, कनगीला हात जोडतात, परत पडतात. मी यांच्या तोंडावर बोलू शकले न्हाय, वन्सं. म्हनून तुमाला फोन केला. पोलिसांनी शोदण्यापेक्षा बहिनीनं शोदलेला बरा."

गोदूनं पाट हातात घेतला. तांबं थंड होतं, अक्षरं बोटांना लागत होती. "रात्री सभेत कोण बोलणार?" तिनं विचारलं. "तू, की मी?"

७

बाळारामच बोलला. चार वाक्यं बोलला, पण उठून गेला नाही. लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलं, आणि तेही त्यानं खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकलं. अध्यक्षपद गेलं. दुसऱ्या दिवशी साहेब आला, त्यानं पाट भिंगातून पाहिला, तळ्याला प्रदक्षिणा घातली, आणि तळं राहिलं. प्रितेशनं जेसीबी काल्हेरला नेला आणि जाताना काठावर पडलेला राडारोडा आपणहून उचलून दिला.

नेमजीभाई मात्र राहिले नाहीत. गावानं हात जोडले, मिसिरजी रडले, काही उपयोग झाला नाही. टेम्पो भरलेलाच होता. संगमरवर तेवढं देवळात ठेवून ते काल्हेरला गेले. "पूजेला येईन," म्हणाले, "राहायला नाही."

दिवाळी झाली. भातकापणी चालू असताना एका सकाळी बाळाराम टेमघरला प्रेसवर आला. या दिवसांत तो कधी आला नव्हता. भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारी टांगली होती, एक हिंदी, एक गुजराती. दोन्हींच्या डोक्यावर संवत २०६३. तो त्यांच्यापुढं उभा राहून बघत राहिला.

"नेमजीची ऑर्डर गेली काय?" त्यानं विचारलं.

"टेम्पो यायचाय."

"टेम्पो कनाला? मी न्हेतो."

त्यानं गठ्ठा खांद्यावर घेतला. गोदू त्याच्याबरोबर काल्हेरपर्यंत गेली, पण गोदामाच्या दारात रिक्षातच बसून राहिली. आत बाळाराम गठ्ठा खाली ठेवून उभा होता. नेमजीभाईंनी त्याला बसा म्हटलं नाही. चहाही मागवला नाही. त्यांनी सुतळी कापली, छपाई तपासली, मालाची पोचपावती लिहिली आणि ती बाळारामच्या हातात दिली.

बाळाराम वळला. तेव्हा नेमजीभाईंनी गठ्ठ्यातून एक कॅलेंडर काढलं, गुंडाळलं, त्याला रबर लावलं.

"दर साल एक तुझ्या घरी जातो," ते म्हणाले. "हौसाभाभीला दे."

बाळारामनं ते दोन्ही हातांनी घेतलं. रिक्षात येऊन बसला तरी त्यानं ते मांडीवर तसंच धरून ठेवलं होतं, आणि वळ येईपर्यंत दोघांपैकी कुणाचाही पाय हलला नाही.